वाचकांचे प्रश्न : शेण किती, टाकी केवढी आणि स्लरी कुणाची?

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांमध्ये गोबरगॅसविषयीची पत्रे सर्वांत जास्त आहेत. त्यांतील पुष्कळ पत्रांत केवळ अनुदानाची चौकशी आहे आणि ती पंचायत समितीच्या कृषी विभागात एका फेरीत पूर्ण होण्यासारखी आहे. ज्या प्रश्नांच्या उत्तरांवर संयंत्र वीस वर्षे चालणे किंवा दोन वर्षांत बंद पडणे अवलंबून असते, असे प्रश्न या अंकासाठी निवडले आहेत. पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आमच्याकडे दोन गाई, एक म्हैस आणि एक रेडी आहे. घरात सहा माणसे. गवंडी म्हणतात, खड्डा खणायचाच आहे तर चार घनमीटरचे संयंत्र बांधा, जनावरे वाढली तर उपयोगी पडेल; शिवाय दोन आणि चार घनमीटरला अनुदान सारखेच मिळते. काय करावे? — एक शेतकरी, भुदरगड तालुका

उत्तर : आपण दोन घनमीटरचेच, म्हणजे रोज दोन घनमीटर गॅस देणारे, संयंत्र बांधावे, असे आमचे स्पष्ट मत आहे, आणि तेसुद्धा गोठ्यातले शेण आठवडाभर काट्यावर तोलून पाहिल्यानंतर.

हिशेब असा आहे. गोठ्यात बांधून असलेली गाय किंवा म्हैस दिवसाला साधारण 10 ते 15 किलो शेण देते. जनावर चरायला जात असेल, तर त्यातले बरेचसे रानात पडते आणि ते धरता येत नाही. रेडीचे पाच किलो धरले, तरी आपल्याकडे रोजचे 40 ते 45 किलो शेण हाती येईल. सुमारे 25 किलो ताज्या शेणापासून एक घनमीटर गॅस मिळतो, म्हणजे आपल्याला रोज पावणेदोन घनमीटरच्या आसपास गॅस मिळेल. स्वयंपाकासाठी माणशी पाव घनमीटरापेक्षा थोडा जास्त गॅस लागतो. त्यामुळे सहा माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक यात भागतो. एक घनमीटर बायोगॅस हा सुमारे 430 ग्रॅम एलपीजीच्या किंवा साडेतीन किलो लाकडाच्या तोडीचा असल्यामुळे महिन्याकाठी दीड सिलिंडरची बचत धरायला हरकत नाही.

चार घनमीटरच्या संयंत्राला रोज 100 किलो शेण लागते. आपण त्यात 45 किलो टाकले, तर गॅस 45 किलोचाच निघेल. टाकी मोठी आहे म्हणून शेणातून अधिक गॅस निघत नाही. उलट सिमेंट, विटा आणि मजुरी यांचा वाढलेला खर्च आपल्या अंगावर पडेल. 2025-26 पर्यंत राबवलेल्या राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रमात दोन ते चार घनमीटरच्या संयंत्रांना आपल्याकडे सरसकट 14,350 रुपये केंद्रीय साहाय्य होते. अनुदान सारखेच म्हणून मोठी टाकी बांधणे आपल्याला वाटते तसे फायद्याचे नाही, कारण वरचा सगळा खर्च आपलाच असतो. बांधकामाआधी चालू दर पंचायत समितीत विचारून घ्यावेत.

एका गोष्टीकडे घरातल्या पुरुषमंडळींचे फारसे लक्ष नसते, म्हणून ती मुद्दाम लिहितो. काला, म्हणजे शेण-पाण्याचे मिश्रण, रोज करावा लागतो, आणि बहुतेक घरांत तो बाईच करते. कुंडीत शेण टाकायचे, तितकेच पाणी ओतायचे, हाताने किंवा पंजाने गाठी फोडायच्या, वैरणीच्या काड्या वेचून काढायच्या, खडे-वाळू तळाशी बसू द्यायची आणि मग बोळा काढून काला आत सोडायचा. शेवटचा बोटभर थर कुंडीतच ठेवून तो बाहेर काढून टाकायचा. हे काम नीट केले तर अर्धा तास लागतो. गोठ्याच्या जमिनीला कुंडीकडे उतार दिला आणि पाण्याचा नळ कुंडीवरच घेतला, तर घमेली वाहण्याचे कष्ट वाचतात. आराखडा गवंड्याबरोबर ठरवायचा असला, तरी कुंडीची जागा आणि उंची रोज काला करणाऱ्या व्यक्तीला विचारूनच ठरवावी.

प्रश्न : वडिलांनी 1980च्या दशकात बांधलेले लोखंडी ड्रमचे संयंत्र आमच्याकडे आहे. ड्रम गंजून चाळण झाला आहे. नवा ड्रम बसवावा, की ते बुजवून दीनबंधू बांधावे? — एक वाचक, संगमेश्वर तालुका

उत्तर : आधी विहिरीसारखी जी विटांची टाकी आहे, ती रिकामी करून तपासून घ्यावी, ती कशी रिकामी करावी, याविषयी पुढे एका पत्राच्या उत्तरात लिहिले आहे. भिंत शाबूत असेल, तर सगळे बुजवण्याचे कारण नाही. लोखंडाऐवजी फायबरचा ड्रम बसवून घ्यावा. तो गंजत नाही, आणि आपल्या कोकणातल्या खाऱ्या-दमट हवेत हा मोठाच फायदा आहे.

आपले संयंत्र ज्या घराण्यातले आहे, ते जशभाई पटेल यांनी 1951च्या सुमारास तयार केलेल्या ‘ग्रामलक्ष्मी’ नमुन्यावरून आले. पुढे 1960च्या दशकात खादी व ग्रामोद्योग आयोगाने तो नमुना देशभर पसरवला. गॅस साठेल तसा ड्रम वर उचलला जातो, त्यामुळे किती गॅस आहे हे डोळ्यांना दिसते आणि दाब सारखा राहतो. त्याचा दोष एकच, पण मोठा आहे : लोखंड महाग असते आणि दरवर्षी रंगवले नाही तर ते टिकत नाही. त्यावर उपाय म्हणून 1978 मध्ये उत्तर प्रदेशात स्थिर घुमटाचे ‘जनता’ संयंत्र तयार झाले, आणि 1984 मध्ये दिल्लीच्या ‘अफप्रो’ या संस्थेने त्याहून स्वस्त असा ‘दीनबंधू’ नमुना दिला. दीनबंधूत हलणारा एकही भाग नाही आणि सगळे बांधकाम जमिनीखाली असते. मात्र घुमटाच्या आतल्या गिलाव्याला केसाएवढी चीर राहिली, तरी गॅस निसटून जातो. त्यामुळे प्रशिक्षण न घेतलेल्या गवंड्याकडून दीनबंधू बांधून घेऊ नये. सिंधुदुर्गात झाराप येथील भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठानाने घरोघरी बायोगॅसचे मोठे काम केले आहे. शक्य असल्यास त्या परिसरातली चालती संयंत्रे आपण प्रत्यक्ष पाहून यावीत.

प्रश्न : उरलेला बायोगॅस सिलिंडरमध्ये भरून ठेवता येईल का? — एक महाविद्यालयीन विद्यार्थी, परभणी

उत्तर : घरगुती संयंत्रावर येणार नाही. एलपीजी थोड्या दाबाखाली द्रव होतो, म्हणून तो सिलिंडरमध्ये मावतो. बायोगॅसमधला जळणारा वायू म्हणजे मिथेन. तो मात्र उणे 82 अंश सेल्सिअसच्या वर असताना कितीही दाबला तरी द्रव होत नाही. बायोगॅसमधला कार्बन डायऑक्साइड काढून, शुद्ध केलेला वायू अतिशय मोठ्या दाबाने भरण्याचे काम कारखान्यांत होते. ऑक्टोबर 2018 मध्ये सुरू झालेल्या ‘सतत’ या केंद्रीय योजनेत तेल कंपन्या असा दाबयुक्त बायोगॅस विकत घेतात, आणि साखर कारखान्यांच्या प्रेसमडला, म्हणजे उसाच्या रसातून निघालेल्या गाळाला, त्यात मोठा वाव आहे. घरी कुणी गाडीच्या ट्यूबमध्ये किंवा जुन्या सिलिंडरमध्ये कॉम्प्रेसरने गॅस भरायला सांगत असेल, तर कृपया ऐकू नये.

प्रश्न : आमचे दीनबंधू संयंत्र तीन वर्षे उत्तम चालले. या हिवाळ्यात गॅस निम्म्यावर आला आहे, आणि सकाळी शेगडी पेटवली की ज्योत फडफडते आणि विझते. टाकी बाद झाली असे लोक म्हणतात. — एक गृहिणी, सिन्नर तालुका

उत्तर : आपल्या पत्रात दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि दोन्हींची कारणे बहुधा साधी आहेत.

ज्योत फडफडणे हे नळीत पाणी साठल्याचे लक्षण आहे. टाकीतून निघणारा गॅस बाष्पाने भरलेला असतो. रात्रीच्या थंडीत त्या बाष्पाचे पाणी होऊन ते नळी जिथे सखल असेल तिथे साठते, आणि गॅसला त्यातून बुडबुड्यांनी वाट काढावी लागते. नळीच्या सर्वांत खालच्या जागी पाणी काढण्याचा कॉक बसवलेला असतो, तो उघडून पाणी काढावे. तो बसवलेलाच नसेल, तर बसवून घ्यावा. हिवाळ्यात हे आठवड्यातून एकदा करावे लागते.

गॅस कमी होण्याचे कारण थंडी हेच आहे. टाकीत दोन टप्प्यांत काम चालते : जिवाणूंचा एक गट शेणातले पदार्थ फोडून त्यांची आम्ले करतो, आणि दुसरा गट त्या आम्लांचा मिथेन करतो. हा दुसरा गट फार नाजूक आहे. त्याला 35 अंशांच्या आसपासची ऊब मानवते, आणि 20 अंशांच्या खाली तो मंदावतो. नाशिककडच्या डिसेंबर-जानेवारीत गॅस घटणे स्वाभाविक आहे. काला सकाळी गार पाण्यात न करता, उन्हात ठेवलेल्या पाण्यात दुपारी करावा. घुमटावर पाचट, कडबा किंवा कंपोस्टचा जाड थर द्यावा. कुजणाऱ्या कंपोस्टची ऊब घुमटाला मिळते.

इतके करूनही फरक पडला नाही, तर गोठ्याकडे पाहावे. हिवाळ्यात गोठा धुण्यासाठी फिनेल किंवा साबणाचे पाणी वापरले जाते आणि ते नकळत कुंडीत जाते. आजारी जनावराला प्रतिजैविके दिली असतील, तर त्याचे शेण काही दिवस वेगळे टाकावे, कारण जे औषध जनावराच्या शरीरातले जंतू मारते, ते टाकीतले जिवाणूही मारते. पाणी शेणाइतकेच असावे. जास्त पाण्याने काला पातळ झाला, तर शेण पुरते कुजण्याआधीच बाहेर पडते. आपली टाकी सुमारे 40 दिवसांचा काला पोटात धरते, हे लक्षात ठेवले की आज केलेल्या बदलाचा परिणाम उद्या का दिसत नाही, हेही समजेल. महिनाभर धीर धरावा. सांध्यांना साबणाचा फेस लावून गळती तपासावी. काडी ओढून गळती कधीही तपासू नये.

प्रश्न : टाकीत गाळ साठून कित्येक वर्षे झाली आहेत. उन्हाळ्यात दोन मजूर आत उतरवून साफ करून घेण्याचा विचार आहे. काही विशेष काळजी घ्यावी लागते का? — एक वाचक, जुन्नर तालुका

उत्तर : मजुरांना आत उतरवू नये, एवढे एकच वाक्य या उत्तरातले वाचले तरी चालेल.

टाकीत प्राणवायू नसतो. मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड यांच्या जोडीला हायड्रोजन सल्फाइड असतो. थोडा असताना त्याला कुजक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढले की नाकाची संवेदनाच जाते आणि वास येईनासा होतो. वास नाही म्हणून हवा चांगली आहे, असे समजून माणूस उतरतो आणि काही क्षणांत कोसळतो. त्याला वाचवायला दुसरा उतरतो आणि तोही परत येत नाही. अशा दुर्घटनांत एकाच घरातली माणसे एकामागून एक गेल्याच्या बातम्या आपण सर्वांनी वाचलेल्या आहेत. दिवा किंवा पेटता कागद आत सोडून हवा तपासण्याची जी रीत सांगितली जाते, ती तर अधिकच भयंकर आहे, कारण हवेत पाच ते पंधरा टक्के मिथेन मिसळलेला असेल, तर त्याचा स्फोट होतो.

शेगडीची नळी सोडवून, कॉक मोकळ्या हवेत उघडा ठेवून सगळा गॅस जाऊ द्यावा. मग मैला उपसण्याच्या पंपाने किंवा टँकरने बाहेरूनच स्लरी, म्हणजे गॅस निघून गेल्यावर उरलेला काला, आणि गाळ काढून घ्यावा. गाळ घट्ट असेल तर पाणी सोडून, बाहेरून लांब बांबूने ढवळून तो पातळ करावा. ज्या दुरुस्तीसाठी आत जाण्यावाचून पर्यायच नाही, ती वायू मोजण्याचे यंत्र, हवा आत सोडणारा पंखा आणि दोर-पट्टा ही साधने असलेल्या प्रशिक्षित माणसांकडूनच करून घ्यावी.

प्रश्न : आमच्याकडे दोनच जनावरे आहेत, पण सोयाबीनचे कुटार, पऱ्हाट्या, तुराट्या आणि उसाचे पाचट भरपूर निघते. शेजारी कोंबड्यांचे शेडही आहे. हे टाकीत टाकून शेणाची तूट भरून काढता येईल का? — एक शेतकरी, दारव्हा तालुका

उत्तर : पऱ्हाट्या आणि तुराट्या मुळीच नकोत. त्यांतला लिग्निन हा कठीण पदार्थ प्राणवायूविना कुजतच नाही. वर्षभर टाकीत राहिला तरी तो तसाच बाहेर येतो. पाचट आणि कुटार कुजतात, पण फार सावकाश, आणि हलके असल्यामुळे वर तरंगून त्यांची जाड साय धरते. तिच्याखालून गॅस वर येत नाही. गाय वैरण चावून, रवंथ करून, पोटातल्या जिवाणूंकडून अर्धी पचवून मगच शेण टाकते. टाकीचे अर्धे काम तिने आधीच केलेले असते, आणि मिथेन करणारे जिवाणूही शेणाबरोबर तीच पुरवते. कुटार थेट टाकणे म्हणजे हे सगळे काम टाकीवर टाकणे होय. पाचट शेतातच आच्छादन म्हणून ठेवावे, ते पेटवू तर मुळीच नये. कुटार जनावराच्या किंवा कंपोस्टच्या वाट्याला जाऊ द्यावे.

कार्बन आणि नत्र यांचे प्रमाण हे याचे दुसरे अंग आहे. जिवाणूंना एका भाग नत्राला वीस ते तीस भाग कार्बन लागतो. शेणात हे प्रमाण मुळातच जवळपास बरोबर असते. पेंढ्यात आणि पाचटात कार्बन फार जास्त असतो, तर कोंबडीच्या विष्ठेत नत्र इतके असते की त्याचा अमोनिया होऊन जिवाणूंचाच जीव गुदमरतो. म्हणून कोंबडीची विष्ठा एकटी कधीही टाकू नये. शेणात मिसळून, पाणी थोडे जास्त घालून, हळूहळू प्रमाण वाढवत न्यावी. किलोमागे तिचा गॅस शेणापेक्षा जास्त निघतो. शेडमध्ये भाताचे तूस अंथरत असतील, तर मात्र ते खत टाकीत न घालता थेट कंपोस्टमध्ये घालावे, कारण तूस तरंगते आणि कुजत नाही.

आपली तूट खऱ्या अर्थाने भरून निघेल ती दुसऱ्या एका गोष्टीने. घरातले उरलेले अन्न, शिळे पीठ, भाताची पेज, सडकी फळे, भाजीचे मऊ देठ यांत सहज कुजणारा पिष्टमय आणि साखरेचा भाग असतो, आणि त्यांचा गॅस वजनामागे शेणाच्या कित्येक पट निघतो. पुण्यातील ‘आरती’ या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी याच तत्त्वावर शहरी घरांसाठी छोटे संयंत्र विकसित केले आणि त्याला 2006 मध्ये लंडनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. दोन जनावरांच्या शेणाला रोज किलो-दोन किलो अशा खाद्याची जोड दिली, तर एक घनमीटरचे संयंत्र आपल्या घरी चांगले चालेल. एकदम पाटीभर टाकल्यास आम्ले वाढून टाकी आंबते आणि गॅस पेटेनासा होतो. तसे झाल्यास आठवडाभर काहीही न टाकता, चालत्या संयंत्रातली बादलीभर स्लरी आत सोडावी. लिंबू-संत्र्याच्या साली आणि वापरलेले तेल टाळावे.

प्रश्न : गॅस छान मिळतो, पण स्लरीचे काय करावे ते कळत नाही. ती गटारीला सोडतो. वाळवून ठेवली तर उपयोग होईल का? — एक वाचक, राहुरी तालुका

उत्तर : आपले पत्र वाचून वाईट वाटले, कारण आपण संयंत्राच्या उत्पन्नाचा मोठा भाग रोज गटारीत सोडत आहात. असे करणारे आपण एकटे नाही. गॅस शेगडीवर दिसतो, स्लरीचा पैसा दिसत नाही.

दोन घनमीटरच्या संयंत्रात रोज 50 किलो शेण आणि 50 लिटर पाणी जाते. त्यातून निघणाऱ्या दोन घनमीटर गॅसचे वजन जेमतेम अडीच किलो भरते. बाकीचे सगळे, म्हणजे 97 किलोपेक्षा जास्त, स्लरी होऊन बाहेर येते. शिवाय गॅस होऊन जातो तो मुख्यतः कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन. नत्र, स्फुरद आणि पालाश स्लरीतच राहतात. गोवरी जाळली तर नत्र धुरात जाते आणि उरते ती राख. उकिरड्यावर शेण पडून राहिले, तर ऊन आणि पाऊस मिळून नत्राचा मोठा भाग नेतात. शेणातून जळणही घ्यायचे आणि खतही राखायचे, हे टाकीतच साधते. त्या स्लरीत रोज सुमारे सात किलो, म्हणजे वर्षाला अडीच टन कोरडा पदार्थ असतो. त्यात दीड टक्का नत्र धरले, तरी ते 37 किलोंच्या पुढे जाते. युरियाच्या 45 किलोच्या गोणीत 20 किलो 700 ग्रॅम नत्र असते, यावरून आपणच तुलना करावी. स्लरीतले सगळे नत्र पिकाला एकाच हंगामात मिळत नाही हे खरे, पण तिच्याबरोबर जमिनीला सेंद्रिय कर्ब मिळतो आणि तो युरियात नसतो.

वाळवण्याविषयी आपण विचारले आहे, तर उन्हात वाळवू नये. स्लरीतले पुष्कळसे नत्र अमोनियाच्या रूपात असते आणि उन्हात ते उडून जाते. तीन रस्ते आहेत. शेत संयंत्राला लागून असेल, तर स्लरी पाटाच्या पाण्याबरोबर सोडावी. हा सर्वांत उत्तम मार्ग होय. उभ्या पिकाला देताना ती पाण्याने पातळ करावी आणि ठिबकमधून द्यायची असेल, तर बारीक कापडातून गाळल्याशिवाय देऊ नये. शेत दूर असेल, तर संयंत्राच्या निकासाशी दोन खड्डे करावेत, त्यांवर सावलीचे छप्पर घालावे, आणि पाचट-पालापाचोळ्याच्या थरांवर स्लरी सोडत जावे. एक खड्डा भरला की दुसरा सुरू करावा. पाचट स्लरी शोषून घेते, स्लरी पाचट कुजवते, आणि वाहून नेण्यासारखे भुसभुशीत खत तयार होते.

तिसरा रस्ता नाडेप टाकीचा आहे. यवतमाळ जिल्ह्यातील पुसद येथील नारायण देवराव पांढरीपांडे यांच्या नावाने ओळखली जाणारी ही भोकाभोकांच्या विटांची, दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तीन फूट उंच टाकी आपल्या भागातही पुष्कळांनी पाहिलेली असेल. तिच्यात काडीकचऱ्याच्या प्रत्येक थरावर शेणकाला शिंपडतात. शेणाऐवजी तिथे स्लरी वापरावी. तीन-चार महिन्यांत खत तयार होते.

ताजी स्लरी हातात घेऊन पाहावी. संयंत्र चांगले चालत असेल, तर तिला शेणाचा वास जवळजवळ येत नाही आणि तिच्यावर माशा बसत नाहीत. स्लरीला आंबूस किंवा घाण वास येत असेल, तर शेण अर्धवट कुजून बाहेर येत आहे, असे समजावे.

प्रश्न : शौचालय गोबरगॅसला जोडावे, असे मुलगा म्हणतो. सासूबाईंचा विरोध आहे. त्या गॅसवर देवाचा नैवेद्य कसा शिजवायचा, असे त्या विचारतात. मला काय उत्तर द्यावे ते सुचत नाही. — एक भगिनी, कुडाळ तालुका

उत्तर : सासूबाईंच्या मनाला जे टोचते, त्याची थट्टा करून उपयोग होणार नाही आणि तसे करणे योग्यही नाही. त्यांना एवढेच सांगावे की टाकीतून शेगडीपर्यंत येतो तो केवळ वायू आहे. शेणाचा मिथेन आणि मैल्याचा मिथेन यांत काडीचाही फरक नसतो, आणि जळल्यावर दोन्हींचे पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होते. शेतात सोनखत घालून पिकवलेला तांदूळ आपण देवाला दाखवत आलोच आहोत. तरीही त्यांचे मन वळले नाही, तर घाई करू नये.

त्यांच्याशी बोलताना आपल्याच जिल्ह्यातल्या एका थोर माणसाचे नाव घ्यावे. कणकवलीजवळच्या गोपुरी आश्रमात आप्पासाहेब पटवर्धन यांनी मैल्याचे खत आणि गॅस करण्याचे प्रयोग केले, कारण माणसाने माणसाचा मैला डोक्यावर वाहण्याची प्रथा त्यांना मोडायची होती. पुढे पुण्याजवळच्या देहूत डॉ. सुहास मापुसकर यांनी तेच काम गावपातळीवर नेले आणि शौचालयासाठीच ‘मलप्रभा’ हा संयंत्राचा नमुना तयार केला. 2017 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली. ही कल्पना त्याहूनही जुनी आहे : मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात 1897 मध्ये मैल्यापासून मिळालेल्या वायूवर दिवे लावल्याची नोंद आहे.

मुलालाही एक गोष्ट सांगावी. एका माणसाच्या मैल्यापासून दिवसाला साधारण एक घनफूट गॅस मिळतो. पाच माणसांचा तो पाच घनफूट झाला. दोन घनमीटरचे संयंत्र रोज सत्तर घनफूट देते. म्हणजे शौचालय जोडल्याने गॅस फारसा वाढत नाही, मैल्याची विल्हेवाट मात्र नीट लागते. सेप्टिक टाकीचा खर्च आणि तिच्या उपशाची कटकट वाचते, हा खरा लाभ आहे. पाणी बेताचे ओतावे, अंघोळीचे पाणी त्यात सोडू नये, आणि ॲसिड किंवा फिनेल तर थेंबभरही वापरू नये. जंतांची अंडी टाकीत पूर्णपणे मरत नसल्यामुळे अशी स्लरी थेट भाजीपाल्याला देऊ नये. ती आधी पूर्ण कंपोस्ट करावी आणि मग माड, आंबा, काजू यांच्या आळ्यात घालावी. विहिरीपासून संयंत्र किमान पंधरा मीटर दूर असावे.

प्रश्न : आमच्या गावात अडीचशे घरे आणि शंभरेक जनावरे आहेत. ‘गोबरधन’ योजनेतून मोठे संयंत्र उभारून घरोघरी नळाने गॅस द्यावा, असा ग्रामपंचायतीचा विचार आहे. आपले मत काय? — एक ग्रामपंचायत सदस्य, भोर तालुका

उत्तर : कल्पना चांगली आहे, पण शेणाचा हिशेब जुळत नाही. शंभर जनावरांचे प्रत्येकी दहा किलो शेण एक किलोही न सांडता गोळा झाले, असे मानले तरी ते हजार किलो होते आणि त्यातून 40 घनमीटर गॅस मिळतो. त्यात सुमारे 140 माणसांचा, म्हणजे तीसेक घरांचा स्वयंपाक होईल. उरलेल्या सव्वादोनशे घरांनी नळाकडे पाहत बसायचे का?

कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यातल्या पुरा या गावात नेमकी हीच अडचण आली होती. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील ‘अस्त्र’ केंद्राने तिथे स्वयंपाकासाठी सामुदायिक संयंत्र उभारले. शेण पुरेना आणि योजना थांबली. मग शास्त्रज्ञांनी गावकऱ्यांना विचारले की तुम्हाला सर्वांत आधी काय हवे आहे. उत्तर मिळाले, पिण्याचे पाणी. 1987 पासून त्याच गॅसवर डिझेल इंजिन चालवून वीज निर्माण करण्यात आली, कूपनलिकेचे पाणी नळांना आणि दिवे घरांना मिळाले. पाणी सर्वांना मिळाले, जनावरे नसलेल्यांनाही. त्यामुळे संयंत्र आपले आहे, असे सगळ्या गावाला वाटले. शेण आणून देणाऱ्यांचे शेण तोलून घेतले जाई, त्याच प्रमाणात त्यांना स्लरी परत मिळे आणि आणून दिल्याची थोडी मजुरीही मिळे. या व्यवस्थेकडे आपण नीट लक्ष द्यावे, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. शेतकरी शेण देतो ते गॅससाठी देत नाही, त्याला त्याचे खत परत हवे असते. स्लरीची वाटणी ठरली नाही, की पहिल्या पेरणीच्या तोंडावर शेण येणे बंद होते.

गुजरातेत आणंद जिल्ह्यातल्या झकरियापुरा गावाने वेगळा मार्ग निवडला. राष्ट्रीय दुग्ध विकास मंडळाच्या मदतीने तिथे प्रत्येक पशुपालक घरामागे स्वतंत्र छोटे संयंत्र बसवण्यात आले, आणि जास्तीची स्लरी विकत घेण्यासाठी महिलांची खत सहकारी संस्था स्थापन झाली. गॅस घरचा, आणि सहकार फक्त स्लरीचा. दूध संकलन केंद्र असलेल्या आपल्याकडच्या गावांना हा नमुना अधिक सोयीचा आहे, असे आम्हाला वाटते.

आपल्या गावाबद्दल बोलायचे, तर 40 घनमीटर गॅसवर रोज 50 युनिटच्या आसपास वीज होऊ शकते, आणि पाच अश्वशक्तीचा पंप त्यावर बारा-तेरा तास चालू शकतो. गावाला एवढ्या पंपाची गरज नसेल, तर थोडा गॅस शाळेच्या पोषण आहाराला आणि अंगणवाडीला द्यावा. गोबरधनमध्ये जिल्ह्याला आदर्श प्रकल्पांसाठी 50 लाखांपर्यंत निधीची तरतूद करण्यात आली होती, तेव्हा जिल्हा परिषदेच्या पाणी व स्वच्छता विभागाकडे आपल्या जिल्ह्यातली शिल्लक विचारून घ्यावी. इंजिनासाठी गॅसमधला हायड्रोजन सल्फाइड लोखंडाच्या किसातून गाळून घेण्याची सोय दरपत्रकात आहे की नाही, तेही पाहावे. ती नसेल तर इंजिन लवकर खराब होते.

शेवटी एक मुद्दा, जो प्रकल्प अहवालात सहसा येत नाही. आपल्या गावात रस्त्यावरचे आणि गायरानातले शेण वेचून गोवऱ्या थापणाऱ्या भूमिहीन बाया असतील. शेणाला किलोमागे भाव मिळू लागला, की ते शेण वेचायला मालक येतो आणि त्या बायांचे सरपण जाते. त्यांना संयंत्रावर काला करण्याचे पगारी काम, किंवा त्यांच्या चुलीपुरता गॅस देण्याची तरतूद ग्रामसभेच्या ठरावातच, त्यांच्या घरांच्या यादीसह, लिहून घ्यावी. संयंत्र उभे राहिल्यावर ही गोष्ट कुणी काढत नाही.